गेमिंग लॅपटॉपची उष्णता, आवाज आणि वजन: कोणते काम आधी आणि कोणते नंतर

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, स्नेहलतागंज या भागांतील ओळखीच्या घरांतून दर एप्रिल-मे महिन्यात मला जवळपास एकच प्रश्न येतो: मोठा गेमिंग लॅपटॉप तापतो, पंख्यांचा आवाज घरभर जातो, आता काय करावे? प्रश्न माझ्यापर्यंत येईस्तोवर बहुतेक घरांत तीन गोष्टी करून झालेल्या असतात. पंख्यांचा कूलिंग पॅड विकत घेतलेला असतो, लॅपटॉप उघडून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोहोचवणारा लेप) बदललेली असते आणि कुठेतरी वाचून चार सेटिंग एकाच बैठकीत बदललेली असतात. यांतली कोणतीच गोष्ट निरुपयोगी नाही. पण मोजमाप न करता आणि उलट्या क्रमाने केल्यामुळे फायदा कशाचा झाला आणि बिघाड कशाने झाला, हे सांगणे कोणालाच शक्य राहत नाही.

उष्णता, आवाज आणि वजन ही तीन वेगळी दुखणी नाहीत, हे आरंभीच लक्षात घ्यावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप जितके वॅट घेतात, तितक्या वॅटची उष्णता लॅपटॉपमधून बाहेर पडावीच लागते. ती बाहेर काढण्यासाठी एक तर उष्णता वाहून नेणारे जास्त तांबे आणि मोठे पंखे हवेत, म्हणजे वजन वाढते. नाही तर तेच पंखे वेगाने फिरवावे लागतात, म्हणजे आवाज वाढतो. आणि दोन्ही नको असेल तर चिपचे तापमान चढू द्यावे लागते. वजन खरेदीच्या दिवशीच ठरून जाते. त्यानंतर आपल्या हातात उरतात ते वॅट. म्हणून पुढील सर्व टप्प्यांत वॅटला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

## टप्पा १: मर्यादा वहीत लिहून काढणे

लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

पहिला प्रश्न खोलीचा. इंदूरमध्ये मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि माळव्याच्या लौकिकाप्रमाणे रात्री ते बरेच उतरते. गच्चीच्या स्लॅबखालची खोली मात्र रात्री दहालाही तापलेली असते. शंभर-दीडशे रुपयांचे साधे थर्मामीटर टेबलापासून हातभर अंतरावर टांगून दुपारचा व रात्रीचा आकडा लिहून ठेवावा. वॅट आणि पंख्यांचा वेग तोच राहिला, तर खोलीत वाढलेला प्रत्येक अंश जवळपास पुरताच चिपवर चढतो. डिसेंबरमध्ये ७८ अंशांवर चालणारी चिप मे महिन्यात नव्वदीला पोहोचली, तर त्यात बिघाड शोधू नये.

दुसरा प्रश्न असा की, आवाज ऐकणार कोण? खेळणाऱ्याच्या कानांवर हेडफोन असतो, त्यामुळे आपला लॅपटॉप किती ओरडतो याची त्याला कल्पनाच नसते. माझ्या मावशीच्या घरी मावसभावाची खोली आजीच्या खोलीला लागून आहे, मध्ये एकच जुने लाकडी दार. तो मला सतत सांगत होता की, आवाज काही फार नाही. मग आम्ही दार लोटून घेतले, आजीच्या उशीशेजारी फोन ठेवला आणि आवाज मोजण्याचे ॲप सुरू केले. आजी म्हणाली, "अरे, ते घर्रर्र चालतं ना, त्याचं काही नाही, ते थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, तेव्हा जाग येते." त्या एका वाक्यामुळे पुढची सगळी जुळवणी बदलली, ती सातव्या टप्प्यात येईल. आवाज लॅपटॉपजवळ न मोजता ज्याला त्रास होतो त्याच्या कानाशी मोजावा.

तिसरा प्रश्न वाहतुकीचा. लॅपटॉप रोज कॉलेजला न्यायचा आहे, महिन्यातून एकदा पुण्याला न्यायचा आहे, की वर्षभर एकाच टेबलावर राहणार आहे? उत्तर प्रामाणिकपणे द्यावे, कारण सेटिंग त्यावरच ठरणार आहेत.

अजून खरेदी व्हायची असेल, तर याच टप्प्यावर थोडे थांबावे. जाहिरातीत दिलेले वजन बहुधा अडॅप्टरविना असते. १६ ते १८ इंची लॅपटॉप अडीच ते साडेतीन किलोचा आणि ३३० वॅटचा अडॅप्टर सुमारे एक किलोचा, म्हणजे बॅग चार किलोच्या आसपास जाते. दुसरे असे की, ग्राफिक्स चिपच्या नावावरून तिची ताकद कळत नाही. एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ४०६० ही चिप लॅपटॉपमध्ये ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही मर्यादेवर बसवलेली असू शकते. आरटीएक्स ४०९० लॅपटॉपमध्ये ८० ते १५० वॅट आणि वर २५ वॅटची जादा मुभा, एवढ्यावर चालते. त्याच नावाचे डेस्कटॉप कार्ड ४५० वॅट घेते. दुकानात लॅपटॉप सुरू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडल्यास कमाल वॅटचा आकडा तिथेच दिसतो. आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये खरेदीला जाताना हा आकडा आणि अडॅप्टरसह प्रत्यक्ष तराजूवरचे वजन, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नयेत.

## टप्पा २: काहीही न बदलता मोजणे

सर्वांत जास्त वेळा वगळला जाणारा टप्पा हाच आहे. लॅपटॉप आज जसा चालतो तसा चालवून त्याचे आकडे लिहायचे आहेत.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फक्त सेन्सरच्या रूपात उघडावे. त्यातल्या शेकडो ओळींपैकी सहाच ओळी आपल्याला लागतात: प्रोसेसरचे तापमान, प्रोसेसरचे वॅट, ग्राफिक्स चिपचे तापमान, तिचे वॅट, दोन्ही पंख्यांचे फेरे आणि उष्णतेमुळे वेग कमी केला गेला की नाही हे दाखवणारी खूण. त्यानंतर रोजच्या वापरातला सर्वांत जड गेम अर्धा तास सलग चालवावा. पहिल्या दहा मिनिटांचे आकडे विचारात घेऊ नयेत, कारण तांब्याच्या नळ्या आणि धातूचे आवरण तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या दहा मिनिटांतील सरासरी आकडे, खोलीचे तापमान, आवाजाचा आकडा आणि गेममधील फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रे) असे सर्व एका ओळीत लिहावे. फोनवरील ॲपचे डेसिबल प्रमाण मानण्याजोगे नसतात. पण तोच फोन त्याच जागी ठेवला, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करायला ते पुरेसे आहेत. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते, हेही शेजारी लिहून ठेवावे.

आकडे वाचताना एक गैरसमज दूर करावा. कोअर आय९-१४९००एचएक्स किंवा रायझन ९ ७९४५एचएक्स यांसारख्या प्रोसेसरची कमाल तापमानमर्यादा १०० अंश आहे आणि पूर्ण भार पडल्यावर नव्वदीच्या वर जावे अशाच बेताने लॅपटॉप बनवलेले असतात. त्या मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर स्वतःच वॅट कमी करून घेतो. केवळ ९३ किंवा ९५ हा आकडा पाहून लॅपटॉप उघडायला धावू नये. काळजी करण्याची लक्षणे वेगळी आहेत: पंखे पूर्ण वेगात असताना आणि प्रोसेसर अवघे ४०-४५ वॅट घेत असताना तापमान शंभरीला भिडणे, काही महिन्यांपूर्वी असलेले वॅट आता त्याच खोलीत टिकत नसणे, किंवा गेम अधूनमधून अडखळणे.

> तपासणी: वहीत वॅटचा आकडा लिहिला आहे का? वॅटशिवाय नुसते तापमान लिहिले असेल, तर ती नोंद निरर्थक आहे. ८५ अंश १४० वॅटला आणि ८५ अंश ७० वॅटला, या दोन पूर्णपणे भिन्न परिस्थिती आहेत.

## टप्पा ३: हवेची वाट मोकळी करणे

इथे एकही रुपया खर्च होत नाही आणि फायदा ताबडतोब दिसतो. बहुतेक मोठे लॅपटॉप तळातून हवा घेतात आणि मागून व बाजूंनी गरम हवा टाकतात. तळाचे रबरी पाय जेमतेम काही मिलिमीटर उंचीचे असल्याने, मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलली की हवेची वाट लक्षणीय मोकळी होते. त्यासाठी लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात; फक्त त्या हवेच्या जाळीवर येऊ नयेत.

मागच्या भिंतीपासून किमान वीतभर अंतर ठेवावे. टेबल खिडकीशी असेल आणि पडदा लॅपटॉपच्या मागे लोंबत असेल, तर बाहेर टाकलेली गरम हवा पडद्याला आपटून परत तळाशी येते. गादी, रजई आणि मांडी या तिन्ही जागा खेळताना पूर्ण वर्ज्य समजाव्यात. कापूस हवेची वाट बंद करतो आणि त्याचे तंतू पंख्यात जातात.

कूलिंग पॅड या टप्प्यानंतर घ्यायचा की नाही हे ठरवावे. नुसती उंची देऊन जो फरक पडतो, त्याहून साध्या पॅडने पडणारा फरक बहुधा थोडाच असतो आणि आवाजात त्याच्या पंख्यांची भर पडते. तळाशी फोमची चौकट दाबून हवा जोरात आत ढकलणारे पॅड खरोखर परिणामकारक असतात, पण त्यांचा आवाज मोठा असतो आणि ते प्रवासात नेण्याजोगे नसतात. आजीच्या खोलीशेजारी ते माझ्या मते बादच आहेत.

आपल्याकडच्या घरांत वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या पॅडचा कूलर असतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली चांगलीच थंड करतो आणि त्याचा लाभ लॅपटॉपलाही मिळतो. मात्र कूलरचा झोत थेट टेबलावर घेऊ नये. झोताबरोबर बारीक तुषार येतात, त्यांत बोअरच्या पाण्याचे क्षार असतात आणि ते पंख्यावर व जाळीवर पांढरा थर धरतात. पावसाळा सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो आणि खोलीत केवळ दमटपणा राहतो.

खोलीचे दार-खिडकी बंद करून खेळणाऱ्यांनी एक हिशेब करावा. पूर्ण भारावर लॅपटॉप सुमारे २५० वॅट घेत असेल, तर ते सर्व २५० वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे खोलीत अडीच माणसे जास्त बसल्यासारखे होते. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढत असल्याने त्याला ही भर जड नाही. पण एसी नसलेल्या बंद खोलीत अर्ध्या तासानंतर थर्मामीटर पुन्हा वाचल्यास ती स्पष्ट दिसते.

> तपासणी: आता दुसऱ्या टप्प्याची चाचणी पुन्हा करावी. एक बदल, एक चाचणी, एक ओळ. दोन बदल एकदम करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

## टप्पा ४: धूळ

लॅपटॉप सहा-आठ महिन्यांपेक्षा नवा असेल, तर हा टप्पा सोडून पुढे जावे.

माळव्याच्या काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते. ती पंख्याच्या पात्यांवर फारशी दिसत नाही. ती साचते पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधल्या फटीत, जिथे बाहेरून नजर पोहोचत नाही. एका लॅपटॉपचे पंखे पुसून तो शहरातील एका दुकानातून "साफ करून" आणलेला होता आणि तरीही तापत होता. पंखा स्क्रूवरून उचलला तेव्हा त्याच्या मागे धुळीची आणि केसांची जाजमासारखी दाट पट्टी उभी होती. चिमट्याने ओढताच ती अखंड निघून आली, बोटभर लांब, करड्या रंगाची. पट्ट्यांच्या खुणा तिच्यावर कंगव्याच्या दातांसारख्या उमटल्या होत्या. हवा तिथेच अडत होती.

लॅपटॉप पूर्ण बंद करून अडॅप्टर काढावा, तळाचे स्क्रू कोणत्या जागेचे ते कागदावर मांडून ठेवावेत (त्यांची लांबी वेगवेगळी असते) आणि झाकण निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने धरूनच हवेचा फवारा मारावा. मोकळा पंखा फवाऱ्याने भन्नाट फिरला, तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते आणि मग आवाज कायमचा वाढतो. फवारा बाहेरच्या जाळीतून आत मारल्यास धूळ सुटण्याऐवजी आतच पसरते, म्हणून पंखा उचलून मधली फट साफ करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

> इशारा: वॉरंटी चालू असेल, तर झाकण उघडण्याबाबत कंपनीची अट काय आहे हे आधी लेखी विचारावे. काही लॅपटॉपमध्ये स्क्रूवर शिक्का असतो.

## टप्पा ५: वॅट कमी करणे

उष्णता आणि आवाज यांचा खरा निकाल इथे लागतो, म्हणून या टप्प्यासाठी एक पूर्ण सुट्टीचा दिवस ठेवावा. यातही क्रम आहे.

सर्वांत आधी फ्रेमची मर्यादा. मर्यादा घातली नाही, तर ग्राफिक्स चिप तिला शक्य तितक्या फ्रेम बनवत राहते. १६५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर जुना गेम सेकंदाला अडीचशे फ्रेम काढत असेल, तर त्यातील ज्यादा फ्रेम डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत; त्यांची उष्णता मात्र पोहोचते. काही गेममध्ये नुसता मेनू उघडा ठेवला तरी पंखे किंचाळतात, त्याचेही कारण हेच. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम दराची सोय आहे. कथाप्रधान गेमसाठी ६० ते ९० आणि स्पर्धात्मक गेमसाठी पडद्याच्या हर्ट्झपेक्षा थोडी कमी मर्यादा घालावी.

याच्याशी जोडलेली एक चूक मी सतत पाहतो. लोक चित्राची गुणवत्ता कमी करतात आणि तापमान तेवढेच राहिल्याचे पाहून चकित होतात. मर्यादा नसताना गुणवत्ता कमी केली की चिप विश्रांती घेत नाही, ती त्याच वॅटमध्ये अधिक फ्रेम बनवू लागते. गुणवत्ता कमी करण्याचा उष्णतेसाठी उपयोग फ्रेमची मर्यादा घातल्यानंतरच होतो.

त्यानंतर लॅपटॉपचा मोड. बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सायलेंट, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स, टर्बो अशा नावांचे मोड असतात आणि प्रत्येकात वॅटची मर्यादा वेगळी असते. चिपला दिलेल्या शेवटच्या २०-२५ टक्के वॅटमधून मिळणारा वेग अगदी थोडा असतो, कारण त्या टोकाला थोडा वेग वाढवण्यासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते. त्यामुळे टर्बोवरून एक पायरी खाली आल्यावर फ्रेममध्ये पडणारा फरक बहुधा मोजावा लागतो; आवाजातला फरक मोजण्याची गरजही पडत नाही. मावसभावाच्या लॅपटॉपवर ९० फ्रेमची मर्यादा आणि टर्बोऐवजी परफॉर्मन्स मोड एवढ्यानेच दारापलीकडचा आवाज आजीच्या छताच्या पंख्याखाली झाकला गेला.

शेवटी प्रोसेसरची मर्यादा. कोअर आय९-१४९००एचएक्सची मूळ वॅटमर्यादा ५५ आणि अल्पकाळची कमाल मर्यादा १५७ वॅट आहे. बहुतेक गेमना या १५७ वॅटची गरज नसते. पण लॅपटॉप काही सेकंदांसाठी तितकी उडी घेतो आणि त्याबरोबर पंखे एकदम चढतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांना तांब्याच्या नळ्या सामाईक असतात, त्यामुळे प्रोसेसरची मर्यादा खाली आणली की ग्राफिक्स चिपलाही थंडावा मिळतो. दीर्घकाळची मर्यादा ४५ ते ५५ वॅट आणि अल्पकाळची ७० ते ८० वॅट यापासून सुरुवात करावी. कंपनीचे सॉफ्टवेअर ही मुभा देत नसेल, तर इंटेल प्रोसेसरवर थ्रॉटलस्टॉप किंवा इंटेलचे एक्सटीयू ही सॉफ्टवेअर वापरता येतात.

विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने प्रोसेसरचा टर्बो वेग पूर्ण बंद होतो. लेखन, ब्राउझिंग, ऑनलाइन वर्ग यांसाठी आणि रात्रीच्या शांततेसाठी हा उपाय उत्तम आहे. पण प्रोसेसरवर विसंबणाऱ्या गेममध्ये फ्रेम बऱ्याच घसरतात, म्हणून खेळण्यासाठी मी तो सुचवत नाही.

> तपासणी: मर्यादा घातल्यावर चाचणीत वॅटचा आकडा खरोखर त्या मर्यादेवर थांबतो का, ते पाहावे. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर किंवा मोड बदलल्यावर काही सॉफ्टवेअरमधील मर्यादा पुसली जाते.

## टप्पा ६: व्होल्टेज कमी करणे (ऐच्छिक)

त्याच वेगासाठी थोडे कमी व्होल्टेज देणे, याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. वेग न गमावता वॅट वाचवणारा हा एकमेव उपाय आहे. पण चुकला तर लॅपटॉप मध्येच बंद पडतो, आणि म्हणूनच तो मर्यादांनंतर करायचा.

ग्राफिक्स चिपसाठी एमएसआय आफ्टरबर्नरमधील व्होल्टेजचा आलेख वापरतात: ०.८ ते ०.८५ व्होल्टजवळचा एक बिंदू निवडून त्यापुढची रेषा आडवी करायची. प्रोसेसरसाठी उणे ३० मिलिव्होल्टपासून सुरुवात करून दहा-दहाच्या पायऱ्यांनी जावे आणि प्रत्येक पायरीला अर्धा तास चाचणी घ्यावी. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसमधूनच (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) प्रोसेसरचे व्होल्टेज बदलण्याची सोय बंद केली. नावात एचएक्स असलेल्या प्रोसेसरच्या काही लॅपटॉपमध्ये ती बायोसमध्ये उपलब्ध असते. सोय बंद असेल, तर बायोसची जुनी आवृत्ती शोधून बसवण्याच्या फंदात पडू नये.

> इशारा: परीक्षेच्या किंवा प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात हा टप्पा हाती घेऊ नये. अस्थिर व्होल्टेजचा दोष अनेकदा चाचणीत दिसत नाही आणि तीन दिवसांनी फाइल जतन करताना दिसतो.

## टप्पा ७: पंख्यांचा वेग ठरवणे

पंखे या क्रमात इतके मागे का, असे अनेकांना वाटते. वॅट न घटवता पंखे मंद केले, तर चिप मर्यादेला टेकते आणि वेग गमावते. वॅट घटवल्यावर पंखे मंद करणे मात्र जवळजवळ फुकट मिळते. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरला, तर आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो, आणि एवढा फरक कानाला सहज जाणवतो.

आजीची तक्रार इथे उपयोगी पडली. कानाला एकसारख्या आवाजाची सवय होते, चढ-उताराची होत नाही. म्हणून पंख्यांचा आलेख तिरप्या रेषेसारखा न ठेवता पायऱ्यांसारखा ठेवावा: ६० अंशांपर्यंत एक वेग, ६० ते ८० पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलण्यापूर्वी थांबण्याची सोय असल्यास काही सेकंदांचा विलंब द्यावा. खेळताना लॅपटॉप सतत मधल्याच पायरीवर राहील अशा बेताने वॅटची मर्यादा पुन्हा थोडी वरखाली करावी. पाचव्या आणि सातव्या टप्प्यांत अशा दोन-तीन फेऱ्या होतात. त्यात काही वावगे नाही.

काही लॅपटॉपमधून पंख्याखेरीज बारीक, विजेच्या गुणगुणण्यासारखा आवाज येतो. तो सर्किटमधील कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) असतो, पंख्याच्या सेटिंगने जात नाही. फ्रेमची मर्यादा घातल्यावर मात्र अनेकदा कमी होतो.

## टप्पा ८: थर्मल पेस्ट, आणि तीही गरज असेल तरच

दुसऱ्या टप्प्यातील काळजीची लक्षणे धूळ काढल्यावरही टिकून असतील किंवा प्रोसेसरच्या कोअरमध्ये (आतल्या स्वतंत्र गणन-विभागांत) आपापसांत १५ अंशांहून अधिक फरक कायम दिसत असेल, तरच इथे यावे.

पातळ पेस्ट लॅपटॉपच्या उघड्या चिपवर फार काळ टिकत नाही. तापण्या-निवण्याच्या चक्रात ती कडांकडे सरकते. त्याऐवजी उष्णतेने मऊ होऊन पसरणारे फेज-चेंज पॅड, उदाहरणार्थ हनीवेलचे पीटीएम७९५०, मला अधिक भरवशाचे वाटते. कारागिराकडे देताना दोन गोष्टी लेखी सांगाव्यात: मेमरीवरील पॅडची जाडी जशी होती तशीच ठेवावी, आणि हीटसिंकचे (चिपवर बसणाऱ्या, उष्णता खेचणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यांवर छापलेल्या क्रमांकानुसारच आवळावेत. जाडी चुकली तर मुख्य चिपवर दाब बसत नाही आणि तापमान पूर्वीपेक्षा वाढते.

> इशारा: अनेक महागड्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रव धातू) लावलेले असते. ते विजेचे वाहक आहे आणि त्यातील गॅलियम ॲल्युमिनियमला खाते. आपल्या मॉडेलमध्ये ते आहे का, हे कळल्याशिवाय हीटसिंक उचलू नये आणि इतर कोणाला उचलू देऊ नये.

## टप्पा ९: घराबाहेर नेण्याची तयारी

या लॅपटॉपची बॅटरी मोठी दिसली तरी तिच्यावर पूर्ण वेगाने खेळणे शक्य नसते. २००-२५० वॅट देणे तिच्या आवाक्याबाहेर असल्याने लॅपटॉप स्वतःच वेग बराच उतरवतो. अनेक मॉडेलमध्ये बॅटरी ९९ वॅट-तासांच्या जवळपास थांबते, त्याचे कारण विमानप्रवासाचा नियम: १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते.

कॉलेजला किंवा गावाला केवळ अभ्यासासाठी न्यायचे असेल, तर एक किलोचा अडॅप्टर घरी ठेवून १०० वॅटचा यूएसबी-सी चार्जर न्यावा. त्यासाठी लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टवर चार्जिंगची सोय आहे का, हे घरीच तपासावे. सर्व पोर्टवर ती नसते. अशा चार्जरवर मोठा गेम चालवला, तर चार्जिंगची खूण दिसत असतानाही बॅटरी हळूहळू उतरत जाते. रेल्वेच्या डब्यातील सॉकेट ३३० वॅटच्या अडॅप्टरसाठी नसतात. शिवाय जड अडॅप्टर ढिल्या सॉकेटला लोंबकळत ठेवल्यास संपर्क तुटतो आणि पिन तापते. घरच्या इन्व्हर्टरचेही तसेच: वीज गेल्यावर खेळ थांबवावा, वॅटची मर्यादा खाली आणावी आणि मगच इन्व्हर्टरवर काम चालू ठेवावे.

बॅगेत ठेवण्यापूर्वीची कृती क्रमाने करावी. लॅपटॉप टेबलावरच असेल अशा दिवसांत बॅटरी जपण्यासाठी चार्जिंगची ८० टक्क्यांची मर्यादा चालू ठेवलेली असते. निघण्याच्या आदल्या रात्री ती काढावी. निघताना गेमचे लाँचर बंद करावेत, पंखे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मग लॅपटॉप हायबरनेट (उघडे काम डिस्कवर जतन करून पूर्ण बंद) किंवा शट डाउन करावा. झाकण मिटून नुसता स्लीपमध्ये ठेवू नये. आजच्या विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीपमध्येही अपडेट सुरू होऊ शकतात आणि बॅगेत हवेला वाटच नसते. मी स्वतः एकदा पुण्याच्या रात्रीच्या गाडीत असाच लॅपटॉप ठेवला होता. पहाटे बॅगेची चेन उघडली तेव्हा आतून इस्त्रीजवळ यावी तशी वाफ आली, झाकण हाताला चटका देत होते आणि भरलेल्या बॅटरीत जेमतेम बारा टक्के उरले होते. त्यानंतर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन "झाकण बंद केल्यावर" या पर्यायासमोर मी हायबरनेट निवडून ठेवले आहे, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते पहिल्याच दिवशी करून देतो.

पावसाळ्यात एसी डब्यातून उतरल्यावर गार धातूवर दमट हवेतील पाणी धरते. मुक्कामी पोहोचल्यावर बॅग बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग लॅपटॉप सुरू करावा. तिथली खोली, तिथले टेबल आणि शेजारी झोपणारी माणसे वेगळी असतील. म्हणून त्याच वहीत नवे पान काढून खोलीचे तापमान लिहावे आणि खेळायला बसण्यापूर्वी दुसऱ्या टप्प्याची चाचणी तिथे एकदा घ्यावी.